सातवं वळण : रा. सु.

सातव्या वळणावर गाडी कठड्यापासून एक फूट सहा इंचांवर थांबली होती. मी टेपने मोजलं. डावं पुढचं चाक डांबराच्या बाहेर, मुरुमात. मागे रस्त्यावर टायर घासल्याचे दोन काळे पट्टे, अकरा मीटर लांब. लीना स्टिअरिंग धरून बसली होती आणि हेल्मेट काढत नव्हती.

"लागलं का कुठे?"

"नाही."

"ब्रेक लागत नव्हते?"

"लागत होते, काका. रस्ताच संपला."

ही सकाळची प्रॅक्टिस रन होती. वेळ लावून धावायच्या दोन रन जेवणानंतर होत्या. त्या होणार की नाही, हे आता माझ्यावर होतं.

थोडं मागे जातो. माझं वसई पूर्वेला एका गाळ्यात गॅरेज आहे. त्याआधी सतरा वर्षं मी इंजिनाचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. माप घेणं आणि लिहून ठेवणं ही तिथली सवय अजून सुटलेली नाही. जुन्या गाड्यांचं ट्यूनिंग हे माझं मुख्य काम. त्यात एक गाडी स्पर्धेची होती. लाल, दोन सीटांची, छप्पर नसलेली, फायबर बॉडीची. आपल्याकडे अशा गाड्या थोडीच वर्षं बनल्या. तिचे मालक गिरीजचे पास्कोलभाऊ. लीना त्यांची मुलगी. पापडीला तिचा दातांचा दवाखाना आहे.

पास्कोलभाऊंची केळीची वाडी होती आणि हिलक्लाइंबचा नाद होता. हिलक्लाइंब म्हणजे घाट चढायची शर्यत. रस्ता परवानगी घेऊन दिवसभर बंद करतात. एका वेळी एकच गाडी सुटते. समोर दुसरं कोणी नसतं, फक्त घड्याळ असतं. आमचा घाट जव्हारच्या बाजूला होता. अंतर दोन किलोमीटर आठशे मीटर, वळणं चौदा. पास्कोलभाऊंची सर्वांत चांगली वेळ दोन मिनिटं एकतीस पूर्णांक सहा सेकंद. ते नोकरदार नव्हते, रेसर नव्हते, बक्षीस त्यांना एकदाच मिळालं आणि तेही तिसरं. पण दर वर्षी दिवाळी झाली की शनिवारी सकाळी ते गॅरेजमध्ये हजर. येताना हिरव्या केळ्यांचा घड आणायचे आणि इंजिन उचलायच्या चेन ब्लॉकच्या हुकाला टांगायचे.

"इन्स्पेक्टर, हा पिकायच्या आत इंजिन पायजे."

मला ते नावाने कधी हाक मारायचेच नाहीत. मी त्यांना सांगायचो की कामाची तारीख अशी देत नाहीत. मग मीच एका वर्षी वहीत नोंद केली. त्या हुकावर घड पिकायला दिवाळीच्या सुमारास सहा दिवस लागतात आणि थंडी पडली की आठ. त्यानंतर मी त्यांना म्हणायचो, सहा दिवसांचं काम आहे, थंडी पडल्यावर आणा. ते म्हणायचे, तुला दोन दिवस झोपा काढायच्यात. इंजिन आणि घड बहुतेक वेळा एकाच दिवशी तयार व्हायचे. पहिलं केळं ते बॉनेटवर ठेवायचे आणि मला खायला लावायचे. हात ग्रीसने माखलेले असले तरी.

अकरा वर्षं मी त्यांच्याबरोबर घाटात गेलो. पण मी नेहमी खाली, स्टार्टला. टायरचं प्रेशर बघायचं, प्लग बघायचे, गाडी सोडायची आणि आवाज ऐकत उभं राहायचं. इंजिनाचा आवाज डोंगराआड जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. वरची वळणं मी वेगात कधी पाहिलीच नाहीत. त्यांना ती पाठ होती, त्यामुळे माझ्याकडून त्यांना कधी कागद लागला नाही.

गेल्या वर्षी पास्कोलभाऊ गेले. गाडी वाडीतल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. पुण्याच्या एका माणसाचे ती विकत घ्यायची म्हणून दोन फोन येऊन गेले. लीनाने आईकडे एकच मागणं केलं, की एकदा मी बाबांच्या घाटात गाडी चालवते. वहिनींनी आठवडाभर विचार केला आणि मला बोलावून अट सांगितली. एकदाच. हिला किंवा गाडीला ओरखडा आला तर दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन. आणि काय झालं ते लीनाकडून नाही, माझ्याकडून ऐकायचं.

लीनाने वडिलांची वही मला आणून दिली. साठ पानी, कव्हरवर खताच्या दुकानाचा शिक्का. त्यात चौदा वळणं त्यांनी स्वतःच्या भाषेत लिहिली होती. ती भाषा मला माहीत होती, निदान तसा माझा समज होता. लांब वळणाला ते राजेळी म्हणायचे, कारण राजेळी केळं लांबलचक असतं. जास्त वाकलेलं वळण म्हणजे बसराई. एकदम छोटं, गाडी जागेवर फिरवावी लागते ते वेलची. तिन्ही केळ्यांच्याच जाती. वहीत फक्त रा., ब. आणि वे. असं लिहिलेलं. कुठे पुढे आणखी एखादं अक्षर.

मी मूळचा सांगलीकडचा. आमच्याकडे केळं म्हणजे केळं. पण पद्धत सोपी होती, म्हणून मी तिची शीट बनवली. कॉलम पाच : वळणाचा नंबर, प्रकार, गिअर, वेग, रस्त्याची स्थिती. राजेळीला तिसरा गिअर, ताशी सत्तर. बसराईला दुसरा, पन्नास. वेलचीला पंचवीस. छापून लॅमिनेट केली. लीनाने महिनाभर रोज दवाखाना उघडायच्या आधी ती पाठ केली. घाटात साध्या गाडीने एकदा हळू वर जाऊन आली. हळू जाताना सगळीच वळणं सोपी वाटतात.

आता तीच लीना खाली पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करतात त्या मैदानात, खुर्चीवर बसून चहा गार करत होती. स्क्रूटिनिअर आले. गाडी सुरक्षित आहे की नाही हे तपासणारा अधिकारी म्हणजे स्क्रूटिनिअर. त्याची सही नसेल तर गाडी स्टार्टला जात नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. ओरखडा कुठेही नव्हता. मग त्यांनी फॉर्म माझ्यापुढे धरला.

"कारण लिहा. एक वाजेपर्यंत. कारण सापडलं नाही तर मी सोडणार नाही."

"ड्रायव्हरची चूक लिहून द्या," लीना म्हणाली. "तेच आहे ना. बाबांना जमायचं, मला नाही जमत. काका, गाडी टेम्पोत चढवा. घरी जाऊ."

लिहून टाकणं सोपं होतं. पण मला तसं लिहिता येईना, कारण मी अजून गाडीचं काही मोजलंच नव्हतं.

आधी ब्रेक. चारही चाकं उचलून फिरवली. पकड चारही ठिकाणी सारखी. टायरचं प्रेशर सकाळी भरलं तेवढंच, पुढे सव्वीस, मागे चोवीस. स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा नाही. मग हिशेब केला. अकरा मीटरचा पट्टा म्हणजे चाकं घासायला लागली तेव्हा वेग पंचेचाळीसच्या आसपास होता. लीना सत्तरने आत गेली होती. म्हणजे त्याआधीच तिने पंचवीस उतरवला होता. ब्रेक चांगले होते आणि पायही वेळेवर पडला होता. गाडी ठीक, ड्रायव्हर ठीक. उरली काय ती शीट.

कारखान्यात आम्हाला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवायचे. मापात गडबड वाटली तर नकलेवर नाही, मूळ ड्रॉइंगवर जा. लीनाने वही गाडीच्या कप्प्यात ठेवली होती, वाचायला नव्हे, सोबतीला. मी ती काढली. सातव्या नंबरापुढे लिहिलं होतं : रा. सु. माझ्या शीटमध्ये : राजेळी, तिसरा, सत्तर, सुका. नक्कल बरोबर होती.

मग मी पुढची पानं उलटली. सु. फक्त दोनच ठिकाणी होतं. सातव्याला आणि अकराव्याला. हे मी शीट बनवतानाही पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. शर्यत भर थंडीत असते. चौदाही वळणं सुकीच असतात. मग दोनच सुकी म्हणून लिहायचं कारण काय?

"लीना, बाबा दोनच ठिकाणी रस्ता सुका असं का लिहायचे?"

तिने वही हातात घेतली. सातव्या ओळीवर बोट ठेवलं. मग सकाळपासून पहिल्यांदा हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

"काका, सु म्हणजे सुकं नाही. सुकेळी."

सुकेळी मला माहीत नव्हती असं नाही. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, त्याची सुकेळी होते. पास्कोलभाऊ दर वर्षी केळीच्या सुक्या पानात बांधलेली पुडी मला देत. मी ती अकरा वर्षं खाल्ली होती. केळं वाळलं की आकसतं, हेही डोळ्यांनी पाहिलं होतं.

"सुरुवातीला राजेळी," लीना म्हणाली, "शेवटाला सुकेळी. वळण आत गेल्यावर आकसतं. मी तुमची शीट पाठ केली हो. वही वाचलीच नाही. वाचली असती तर मला कळलं असतं."

जेवणाच्या सुट्टीत रस्ता रिकामा होता. परवानगी घेऊन मी टेप आणि दोरी घेऊन सातव्या वळणावर गेलो. सकाळी तिथे मी फक्त गाडी पाहिली होती, आता अकरा वर्षांत पहिल्यांदा वळण पाहिलं. वळणाची गोलाई मोजली आणि त्यावरून वेग काढला. सुरुवातीचा भाग सत्तरचाच होता. शेवटच्या पंधरा मीटरला पंचेचाळीसच्या वर कुठलाही आकडा बसत नव्हता. पास्कोलभाऊंनी दोन अक्षरांत जे लिहिलं होतं ते काढायला मला चाळीस मिनिटं लागली, आणि उत्तर तेच आलं.

खाली येऊन मी फॉर्म भरला. कारण : ड्रायव्हरला दिलेली शीट चुकीची. खाली लिहिलं, शीट बनवणारा मी, आणि सही केली. स्क्रूटिनिअरनी दोनदा वाचलं.

"ड्रायव्हर म्हणतो मेकॅनिक. मेकॅनिक म्हणतो टायर. टायरवाला म्हणतो रस्ता. कागद हे कारण माझ्याकडे पहिल्यांदाच आलं." मग त्यांनी विचारलं, "सुकेळी म्हणजे काय?" लीनाच्या पिशवीत पुडी होती. त्यांनी एक खाल्ली, दुसरी खिशात ठेवली आणि सही केली.

लॅमिनेट केलेल्या शीटवर पेन चालत नाही. मी पाठीमागे चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं : सात आणि अकरा, सुकेळी. लीनाने बघून मान हलवली आणि शीट माझ्या हातात परत दिली. वही मांडीखाली घेऊन ती स्टार्टला गेली.

पहिली रन दोन मिनिटं छत्तीस पूर्णांक नऊ. दुसरी दोन मिनिटं तेहतीस पूर्णांक दोन. मी खाली उभा राहून आवाज ऐकला. सातव्या वळणावर आवाज आधी भरून यायचा, मग खाली बसायचा, क्षणभर जवळजवळ बंद व्हायचा आणि पुन्हा उठायचा. तो बसणारा आवाज मी अकरा वर्षं ऐकला होता. मला वाटायचं पास्कोलभाऊ तिथे गिअर चुकतात. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं होतं. ते नुसते हसले होते.

वडिलांपेक्षा एक पूर्णांक सहा सेकंद जास्त. आपल्या गटात सहापैकी चौथी. लीनाला चौथ्या नंबराचं काही नव्हतं. ती एवढंच म्हणाली की सातव्यावर बाबा शेजारच्या सीटवर बसून पुटपुटतायत असं वाटलं.

संध्याकाळी गाडी टेम्पोतून गिरीजला आणली. वहिनी ओट्यावर वाट बघत होत्या. त्यांनी आधी लीनाकडे पाहिलं, मग गाडीभोवती फिरून हात लावून पाहिला. मग माझ्याकडे वळल्या.

न सांगता भागलं असतं. ओरखडा नव्हता. पण अट होती माझ्याकडून ऐकायची. मी सगळं सांगितलं. मुरुमातलं चाक, अकरा मीटर, एक फूट सहा इंच. चूक माझी, लीनाची नाही. सु. चा अर्थ मी सुका असा लावला, हेही.

वहिनी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ते अक्षर माझं आहे."

लीनाने वही उघडून त्यांच्यापुढे धरली.

"पहिल्या वर्षी तुम्ही नव्हता बरोबर. त्याच वळणावर रस्त्याबाहेर गेला हा. पुढचा बंपर पोत्यात भरून घरी आणला. मी अंगणात सुकेळी परतवत होते. मला सांगायला लागला, वळण दिसतं लांब, आत गेलं की आकसतं, वहीत कसं लिहू? मी म्हटलं, हे बघ माझ्या हातात काय आहे, तेच लिही." त्यांनी लीनाकडे बोट दाखवलं. "बंपरचं हिला सांगायचं नाही असं ठरलं होतं आमचं."

पुण्याला फोन करायचा का, हे विचारायला मी तोंड उघडलं. वहिनींनी ताडपत्री उचलून लीनाच्या हातात दिली.

"टेप घेऊनच जाता ना तुम्ही? मग पुढच्या वर्षी दीड फूट चालणार नाही. दोन फूट तरी पाहिजे."

पुढच्या दिवाळीनंतरच्या शनिवारी लीना गाडी घेऊन गॅरेजमध्ये आली. न विचारता तिने हुकाला घड टांगला. त्या वर्षी तो सात दिवसांत पिकला.

मी अजून शीट बनवतो. त्या आता सहा कॉलमच्या असतात. सहाव्या कॉलमचं शीर्षक आहे : ज्याची वही त्याच्या घरी विचारलं का? तिथे हो किंवा नाही लिहायचं. तो कॉलम भरल्याशिवाय मी लॅमिनेट करत नाही.