नव्या टाकीची ऊब

आयर्लंडमधल्या लिमरिकच्या आमच्या घरातली पाणी तापवायची जुनी टाकी एकदाची निघाली, तेव्हा मला सण असल्यासारखं वाटत होतं. त्या खडूस टाकीत दुसऱ्याच्या अंघोळीला कधी पाणी उरलं नाही. नवी बसवून प्लंबर म्हणाला, "हात लावून बघा. ऊब जराही बाहेर येत नाही." खरंच टाकी गार लागली. मी खूश होऊन तिला हळदकुंकू वाहिलं.

रात्री बायकोनं दुधाला विरजण लावलं आणि नेहमीसारखं पातेलं टाकी बसवलेल्या कपाटात उबेला ठेवलं. सकाळी मी कढत पाण्याखाली मनसोक्त गात अंघोळ केली. बाहेर आलो तर तिनं पातेलं माझ्यापुढे धरलं.

आत कालचं दूधच होतं.