चिप्सचा घड आणि धुपाचा धूर

काम टाळणारा माणूस मी नव्हे. काम समोर आलं की मी लगेच उठतो आणि ते सोडून बाकीची सगळी उरकतो.

गेल्या महाशिवरात्रीला आमच्या सुनंदाने आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या महिला मंडळाला शब्द दिला, "उपासाचे केळ्याचे चिप्स माझ्याकडून!" तिचं माहेर तुकईथडचं. भावाने बागेतला भलामोठा हिरवागार घड पाठवून दिला. नेमकी तेव्हाच तिची आई पडली (पाय मुरगळला, बाकी तोंड ठणठणीत!), आणि सुनंदा माहेरी निघाली.

"अहो, कच्ची आहेत तोवर किसून तळून टाका. जमेल ना?"

"अगं, बुऱ्हाणपूरचा माणूस आहे मी! केळ्याशी जन्माची ओळख!"

ती गेली आणि मी किसणी हातात घेतली. बोथट वाटली. धार लावली. मग वाटलं, किसणी लखलखीत आणि कढई काळी? कढई घासली. मग ओटा, मग फरशी, मग पंख्याची पाती! (आयुष्यात पहिल्यांदा.) घड मात्र कोपऱ्यातून माझ्याकडे बघतच होता. मला ते सहन होईना. त्याला मागच्या खोलीत नेलं, सुकू नये म्हणून गोणपाटात गुंडाळलं आणि पाय मोकळे करायला तापीकाठी राजघाटावर गेलो. तिथेही चैन पडेना. परत आलो तर घरभर डास! अशा फौजेत तळण कसं करणार? डासांचा अड्डा मागच्याच खोलीत, म्हणून तिथे भरपूर धूप पेटवला आणि दार-खिडकी गच्च लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी फोन.

"झाले का?"

"चालूच आहे!"

"तळायचा आवाज ऐकवा बरं."

मी तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला. चर्रर्र!

"आवाज बराबर नाही येत. और सुनो, पातळ किसा."

"पातळच आहेत!" (पाणी याहून पातळ कसं करणार?)

संध्याकाळी पुन्हा डास, पुन्हा धूप.

शिवरात्रीच्या सकाळी मात्र कंबर कसली. तेल तापवलं, मागच्या खोलीचं दार उघडलं आणि गोड वासाचा लोटच अंगावर आला. गोणपाट काढलं. अख्खा घड पिवळाधमक!

तेवढ्यात सुनंदा दारात.

"चिप्स कुठे आहेत?"

मी घडाकडे बोट दाखवलं.

"धूर केला होता क्या?"

"डासांसाठी..."

"अरे देवा! गोणपाटात गुंडाळून, बंद खोलीत धूर! अहो, केळी पिकवायची हीच तर रीत आहे! तुम्हाला माहीत नाही?"

माहीत होतं हो! अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे!

"आता मंडळात काय तोंड दाखवू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरोखर लाज वाटली. गुपचूप घड खांद्यावर घेतला आणि तिच्या मागोमाग मंडळ जमलं होतं त्या महादेवाच्या देवळात गेलो.

बायकांनी आधी नाकं मुरडली. मग एकीने एक केळं सोललं. मग दुसरीने. बघता बघता निम्मा घड संपला!

"सुनंदा," मंडळाच्या मोठ्या काकू म्हणाल्या, "इतकी एकसारखी कोणी पिकवली गं? कुठे डाग नाही!"

"यांनी."

"वा! मग आमचाही घड पिकवून द्या ना, भाऊ!"

मी मान ताठ करून पुढे सरसावलो. पण सुनंदाच आधी बोलली, "सोपं आहे, काकू. घड आमच्याकडे ठेवून जा, आणि यांना सांगा, याचे चिप्स करा!"