लाल केसांच्या माणसाचा पाडवा

सिंदी रेल्वेच्या फलाटावर आजवर जेवढी माणसं उतरली असतील, त्यांतला सगळ्यात हट्टी माणूस म्हणजे माझे आजोबा. स्कॉटलंडहून ते आले कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशिनी बसवायला, चार-सहा महिन्यांच्या बोलीवर. मशिनी बसल्या, जुन्या झाल्या, भंगारात गेल्या. आजोबा मात्र सिंदीतच राहिले. इंग्रज गेले तेव्हा कुणीतरी विचारलं, "साहेब, तुमी काऊन नाई गेले?" त्यावर "मी कुठचा इंग्रज?" म्हणून ते त्याच्याशी कित्येक दिवस बोलले नाहीत म्हणे. तळेगावच्या आमच्या आजीशी लग्न केलं आणि तिची वऱ्हाडी अशी उचलली, की पाठमोरे उभे असले तर भाजीवालीला कळत नसे भाव कोण पाडतंय ते. रोज सकाळी ज्वारीच्या कण्या मीठ घालून, वाडगं हातात धरून, उभ्यानेच खायचे. आजी करवादायची, "बसा न जरा! गाडी सुटून राह्यली का तुमची?" उभ्याने का खातात, हे मी कधी विचारलं नाही. त्यांच्या गावाचं नावसुद्धा विचारलं नाही. हे मला आता फार टोचतं.

पण खरी गंमत पाडव्याला. त्यांच्या मुलखात नव्या वर्षाच्या सकाळी उंबरठा पहिल्यांदा ओलांडणारा माणूस काळ्या केसांचा लागतो, हातात कोळसा आणि मीठ घेऊन. लाल केसांचा आला तर वर्ष वाईट. त्यांचं नवं वर्ष जानेवारीत, ऐन कापसाच्या हंगामात. जिनिंगमधून मान वर काढायला फुरसत नसे. म्हणून त्यांनी ती रीत सरळ आपल्या पाडव्यावर आणून बसवली. स्वतः लाल केसांचे, म्हणून पहाटेच अंगणात खाट टाकून बसायचे आणि समोरचे किसनकाका येईपर्यंत घरात पाऊल टाकायचे नाहीत. किसनकाका शेतकरी, केस कोळशाहून काळे. एका वर्षी त्यांचा बैल सुटला आणि त्यांना यायला दुपार झाली. आजी दारातून ओरडली, "लाल केस कुठं राह्यले आता? कापूस झाला डोस्क्याचा! पुरन थंडं झालं." आजोबा हलले नाहीत.

ऐंशी सालानंतर किसनकाकांचेही केस पांढरे झाले. मी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात होतो. आजोबांनी नियमाला धरून ठरवलं, की यंदा काळ्या केसांचा नातू येईल. हे ऐकून किसनकाका म्हणाले, "वा साहेब! तुमच्या दारात केस पिकवले, अन् आता नवा मानूस पाह्यजे?" दुसऱ्या दिवसापासून त्यांचं संध्याकाळचं चहाला येणं बंद झालं. आजोबा दोन कप मांडायचे, एक तसाच निवायचा.

पाडव्याला मी कोळसा-मीठ घेऊन अंगणात उभा राहिलो. आजोबा खाटेवर, नजर समोरच्या घराकडे.

"आबाजी, जाऊ आत?"

"थांब."

ते उठले, काठी टेकत रस्ता ओलांडून किसनकाकांच्या पायरीखाली उभे राहिले. मी मागे.

"किसनभाऊ, चुकलं माहं. चाला घरी."

काका गुढीला कडुनिंब बांधत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "पह्यले तुमी आत या."

"मी कसा येऊ? लाल केसाचा मानूस. वर्षभर तुमच्या घराले भोगा लागन."

"आमच्या पाडव्याले केस नाई पाहत, साहेब," असं म्हणून काकांनी त्यांचं मनगट धरलं आणि आत ओढलं. काकूंनी हातावर साखरेची गाठी ठेवली. मग काकांनी माझ्या हातातलं कोळसा-मीठ घेतलं आणि दरवर्षीसारखा आमचा उंबरठा ओलांडला.

संध्याकाळी मी न विचारताच आजोबा बोलले. लहानपणी नव्या वर्षाला शेजारी त्यांना पाहून दार लावून घ्यायचे. काळ्या केसांचा कुणी गल्लीतून फिरून जाईपर्यंत आई त्यांना खिडकीशीही उभं राहू देत नसे. आत बसून इतर पोरांचा खेळ ऐकायचा.

ते मनगट चोळत बसले होते. हळूच म्हणाले, "किसन ओढून राह्यला होता न, तवा मी जरासा अडलो. मुद्दामच. म्हटलं, अजून थोडं ओढू दे."