सात रुपयांची वाईन आणि शिवलिंगअण्णांची जीभ

शिवलिंगअण्णा गेल्याची बातमी मला प्रयोगशाळेत कळली. बी.एस्सी.च्या मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, चहावाले अण्णा गेले की. सकाळी." मी "बरं" म्हणाले आणि ब्युरेट वाचायला वाकले. रीडिंग तीनदा घेतलं, तिन्ही वेळा वेगळं आलं. मग मुलांना सोडून दिलं आणि रिकाम्या बाकांमधून उगाच येरझाऱ्या घालत राहिले. त्याला आता दीड महिना झाला. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. भाजी करपते, चष्मा सापडत नाही, लिहायला बसले की उठून खिडक्या लावते आणि पुन्हा उघडते. मंगळवार पेठेतून जावं लागलं तर त्यांचं दुकान नको म्हणून दोन गल्ल्या फिरून जाते. हे फिरून जाणं मात्र दीड महिन्याचं नाही, पाच वर्षांचं आहे... ते सांगायलाच बसले आहे.

अण्णांचं चहापत्तीचं दुकान. डस्ट आणि पत्ती निरनिराळ्या मापानं मिसळून पुडे बांधायचे आणि विकायचे, एवढाच धंदा. पण त्या मापांमागे त्यांची जीभ होती. सकाळी पूजा आटोपली की खिडकीजवळच्या पाटावर बसून ते आठ-दहा कपांतला कोरा चहा चाखायचे. चमचा तोंडाशी नेऊन असा काही फुर्रकन ओढायचे की रस्त्यावरची माणसं वळून बघत. मग तोंडात घोळवून पितळी तस्तात थुंकायचे. मी नवीनच लेक्चरर होऊन सोलापुरात आले होते आणि शेजारच्या बोळात राहत होते. पहिल्या दिवशी मला ते सगळं फार अडाणी वाटलं, आणि मी तोंडावर तसं म्हणालेही. "हौदु, हौदु," अण्णा कानडीत 'हो, हो' करत हसले, "तुमी नळीनं मोजता, आमी जिभंनं. दोगांचं जुळलं की खरं समजायचं." तिथून आमची दोस्ती झाली. दोस्ती म्हणजे रोजचं भांडण, आठ-दहा वर्षं चाललेलं. नवीन मिश्रण ते आठवडाभर पोटमाळ्यावर, तापलेल्या पत्र्याखाली ठेवायचे आणि मगच विकायला काढायचे. मी म्हणायचे, ह्याला काही शास्त्र नाही. ते म्हणायचे, "पिणार कुटं? सोलापुरात की. मग सोलापूरचं ऊन त्याला आदी दावाय नको?"

दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी नातेपुत्याचे हणमंतराव अण्णांच्या दुकानात आम्हा दोघांकडे आले. द्राक्षाचे बागायतदार. डागी, मणी गळालेला माल बाजारात कुणी घेत नाही म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून शेडमध्ये वाईन करायला घेतली होती. बाटलीची किंमत सात रुपये. पुण्या-मुंबईच्या हॉटेलवाल्यांना ती आंबट वाटली, म्हणून त्यांनी दुसरी एक, साखर घातलेली, करून पाहिली होती. दोन्हींतली कोणती पुढं न्यायची ते ठरेना. घरचे सगळे पैसे त्या शेडमध्ये घातलेले, त्यामुळं माणूस नुसता भिरभिरल्यासारखा झालेला. "बाई, तुमी कॉलेजात तपासा. आन अण्णा, तुमी जिभंनं बगा. तुमी दोगं म्हनाल ती धरतो," असं म्हणून दोन्हीच्या चार-चार बाटल्या ठेवून ते एस.टी. पकडायला गेले.

आता अण्णा गळ्यात लिंग घालणारे, जन्मात दारूला न शिवलेले. मला वाटलं, नाहीच म्हणतील. पण ते म्हणाले, "गिळली तर प्यालो. थुकली तर पारकली." दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, चहाच्याच कपांमध्ये, त्या तस्तासमोर त्यांनी वाईन चाखली. पिण्याचं परमिट त्यांच्याकडं नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. दुकानाचं दार मी लोटून घेतलं होतं आणि चोरी करत असल्यासारखी फटीतून सारखी रस्त्याकडं बघत होते.

पहिली, बिनसाखरेची. फुर्रकन ओढली, तोंड वाकडं केलं, थुंकले. पुन्हा ओढली. मग घरातून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मागवली, एक घास खाल्ला आणि तिसऱ्यांदा चाखली. "पातळ हाय," ते म्हणाले. "देट काडले न्हाईत त्यानं, तसंच चेचलंय, म्हणून मागनं तुरट लागती. पर चटणीपुडं उभी ऱ्हाती. सात रुपयाची हाय आन सातचीच दिसती, धाचं सोंग करत न्हाय. ही खरी हाय बाई." एवढं नेमकं परीक्षण मी नंतरही कुठं ऐकलं नाही. मग साखरेची. ती मीही चाखली होती आणि मला फार आवडली होती, हे आधीच सांगून टाकते. अण्णांनी ती बराच वेळ तोंडात धरली. "गोड हाय. पर जिभंला चावती. आत अजून कायतरी चाललंय. ही निजली न्हाई. एक बाटली माज्या पोटमाळ्यावर ठिवू, मग सांगू." मी हसले. म्हटलं, अण्णा, हा चहा नव्हे. त्यांनी वाद घातला नाही. "बरं. तुमचं मोजमाप हू द्या. जुळलं तरच त्यांना कळवू."

मी मोजलं. आणि काय केलं ते ऐका... बाटल्या खराब होऊ नयेत म्हणून मी त्या विभागाच्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. तीन दिवस रोज बाहेर काढून गोडी मोजायची आणि परत आत ठेवायची. गोडीत फरक नाही, म्हणजे आंबणं थांबलेलं आहे. थंडीत ते थांबणारच, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते! पण त्या दिवशी मला माझे आकडे दिसत होते आणि अण्णांची जीभ मला चहाच्या दुकानातली गंमत वाटत होती. मी हणमंतरावांना पत्र लिहिलं की गोड वाईन उत्तम आहे, टिकाऊ आहे, तीच धरा. लिहिताना वाटलं, एकटीच्या शब्दाला कितपत वजन येणार? बाजारात अण्णांचं नाव मोठं. म्हणून खाली एक ओळ घातली: 'शिवलिंगअण्णांचेही हेच मत आहे.' आणि पत्र पेटीत टाकून आले. अण्णांना पुढं समजावू, असं मनाशी म्हणाले. नंतर परीक्षा लागल्या आणि मी ते विसरले. विसरले म्हणजे... विसरायचं ठरवलं.

एप्रिलात हणमंतरावांच्या शेडमध्ये बाटल्या फुटायला लागल्या. आतली साखर उन्हानं पुन्हा आंबायला लागली होती. दोन दिवसांत बहुतेक माल गेला आणि त्यांच्या धाकट्या भावाचा हात काचेनं फाटला. हणमंतराव आले तेव्हा मी अण्णांच्या दुकानातच पुडा घ्यायला उभी होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. बाईमाणसाला काय बोलायचं, असं असावं. पत्र अण्णांसमोर टाकलं आणि म्हणाले, "अण्णा, ह्यात तुमचं नाव हाय म्हून मी धा हजार बाटल्यांत साकर वतली. न्हाईतर वतली नसती."

अण्णांनी पत्र वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, कारण तिथं त्यांचं बोट थांबलेलं मला दिसलं. आता बोल, आता बोल, असं मी स्वतःला बजावत होते आणि हातातल्या पिशवीचा बंद पिळत होते. अण्णांनी पत्राची घडी केली, हणमंतरावांच्या हातात दिली आणि म्हणाले, "चुकलं माजं, हणमंतराव." माझ्याकडं त्यांनी मान वळवली नाही. मी पुडा घेतला आणि घरी गेले.

का बोलले नाही? त्या वर्षी मला विभागप्रमुख करायचं चाललं होतं. कॉलेजच्या फ्रिजमध्ये दारू ठेवून खोटं पत्र पाठवल्याचं कळलं असतं तर नोकरीही गेली असती. मला भीती वाटली. ह्याहून मोठं कारण नाही, आणि आता शोधून ते सापडणारही नाही.

हणमंतरावांनी शेड मोडली. पेठेत मात्र गोष्ट रंगली. गिऱ्हाइकं चहाचा पुडा कानाशी हलवून विचारायची, "अण्णा, ह्यो फुटणार न्हाई न्हवं?" समाजातली वडीलधारी माणसं येऊन सुनावून गेली, की गळ्यात लिंग घालून दारूला पास करतोस, लाज वाटत नाही? अण्णा सगळ्यांना तेच म्हणायचे, चुकलं. मी हळूहळू पुडा दुसरीकडून आणायला लागले. दिवाळीला मात्र त्यांच्याकडून शेंगाच्या पोळ्यांचा डबा यायचा. दरवर्षी आला.

मागच्या आठवड्यात शेवटी दुकानात गेले. अण्णांचा मुलगा मल्लिनाथ पुडे बांधत होता. खिडकीजवळचा पाट तसाच होता, त्यावर कुणी बसत नाही. तो उभ्यानंच चाखतो. वडलांना तो अप्पा म्हणतो. म्हणाला, "अप्पा शेवटी शेवटी एकट्याच्या जिभंवर माल काढत नसत, बाई. मला इचारायचे, 'तू सांग, माजं चुकतंय कदी कदी.' आमाला हसू यायचं."

मग मी त्याला सगळं सांगितलं. उभी राहून, एका दमात, दोन गिऱ्हाइकं ऐकत असताना. मल्लिनाथच्या हातातला दोरा तसाच राहिला. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मला सांगून काय उपेग? हसलं ते गाव. गावाला सांगा की."

हणमंतरावांना पत्र टाकलं आहे, उत्तर आलेलं नाही. प्राचार्यांना उद्या पेपरात हा लेख वाचायला मिळेल, त्यांना काय करायचं ते करू देत. गावाला सांगते. हणमंतरावांची गोड वाईन शिवलिंगअण्णांनी पास केली नव्हती. ती निजलेली नाही, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. त्यांचा होकार मी माझ्या हातानं, त्यांना न विचारता लिहिला.