मचाण कोसळलं तेव्हा

त्या वर्षी नेवाशाजवळ सिनेमावाले आले. त्यांनी नदीकाठी बांबूचं मचाण उभारलं आणि आमच्या बायकांना त्यावर नाचायला चढवलं. मचाण कोसळलं, शेजारच्या काशीमावशीचा पाय मोडला.

मी तिच्यापाशी दवाखान्यात बसले होते, तेव्हा त्यांचा मॅनेजर आला. नाव त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मावशीकडे बघण्याआधी त्याने पांढऱ्या बुटांवरची धूळ झटकली.

"बांबू तुमच्या गावचे, बांधणारे तुमच्या गावचे. आमचा काय दोष?"

मावशी कण्हत म्हणाली, "मी म्हनलं हुतं, हलतंय. तुमीच म्हनला, नाचा."

"तुम्ही जरा जोरातच नाचलात, बाई."

मग कंगव्याने भांग नीट करत त्याने दारातल्या कॅमेऱ्यावाल्याला विचारलं, "पडताना कॅमेरा चालू होता ना?"

"होता."

तेवढ्यावर त्या निर्लज्ज माणसाचा चेहरा खुलला.

पुढच्या वर्षी तो सिनेमा जत्रेतल्या तंबूत लागला. मावशी काठी टेकत आली. पडद्यावर मचाण कोसळलं आणि सगळा तंबू खदखदून हसला.

मावशी उठली. "चल पोरी," ती म्हणाली, "त्याला पायजे हुतं त्ये मिळालं."