न धुतलेले गोटे

टेस्ट ट्यूब पुन्हा गडद पिवळी झाली. म्हणजे अमोनिया तसाच. सरांकडे न बघता मी ती स्टँडवर ठेवली.

नागपुरातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी केमिस्ट होतो. विभागप्रमुख सर मार्चअखेर रिटायर होणार होते. त्याआधी समुद्र न पाहिलेल्या पोरांना समुद्रातला जिवंत मासा दाखवायचा, एवढीच त्यांची हौस. मुंबईहून कॅन भरभरून खारं पाणी आलं. पाठोपाठ माशांची जोडी आली. मी ‘पाणी ओके’ म्हटलं आणि दोन दिवसांत ती मेली.

मग मी पुस्तक उघडलं. नव्या टाकीत घाण सडून अमोनिया होतो. माशांना तो विष. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचं जवळपास निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही फौज उभी राहायला महिना-दीड महिना लागतो. तोवर फौजेला अमोनिया मिळावा म्हणून झिंग्याचा तुकडा सडत ठेवायचा आणि रोज पाणी तपासायचं.

फौज पाण्यातच राहते, असं मी आपलं धरून चाललो. त्यात आधीची नोकरी पिण्याच्या पाण्याच्या टाक्या निर्जंतुक करण्याची. दर शनिवारी तळातले गोटे ब्लीचिंग पावडरने धुवायचा हुकूम मी सोडला. धुवायचे आमच्या अटेंडंट कमलाबाईंनी.

बरेच दिवस पिवळं. मग पिवळं ओसरलं, नायट्राइटचा गुलाबी रंग चढला, तोही उतरला.

“सर, दोन्ही शून्य!”

“नक्की, देशमुख? दुसरी जोडी उद्या गाडीत चढवतात. ही गेली तर मी तसाच घरी जाईन.”

“नक्की, सर. स्वच्छतेचा परिणाम! दर शनिवारी गोटे...”

कमलाबाईंचं पोछा मारणं थांबलं. “साहेब, रागावू नका. गोटे म्या धुतलेच नाही.”

“काहून?” माझी पुस्तकी मराठी तिथेच संपली.

“त्या पावडरीनं हाताले फोड आले. पाच शनवार झाले, नुसती बादली वाजवून राहिली मी.”

फौज गोट्यांवर राहत होती. मी तिला दर आठवड्याला मारायला निघालो होतो.

“देशमुख, मग तुम्ही काय केलं?”

“पाणी तपासलं, सर.”

“तेवढंच करत जा.”

मासे आले. जगले. सरांच्या निरोपाच्या दिवशी टाकीपुढे पोरांची रांग दारापर्यंत होती आणि सर रांगेत उभे राहिले, पोरांसारखे.

मी सदर बाजारातून रबरी हातमोजे आणून कमलाबाईंना दिले.

“आता काहून? आता तं धुवाचंच नाही!”

तेव्हापासून प्रयोग यशस्वी झाला की मी आधी अटेंडंटला विचारतो, माझं काय काय ऐकलं नाही.