काचेवरचा मध्य

भरतकामाच्या कारखान्यात वहिनींना सगळे वहिनीच म्हणत, वयाने मोठे असलेले मालकसुद्धा. मशिनला नक्षी शिकवणं हे त्यांचं काम. कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर त्या टाक्याला टाका लावून पानं, वेली, बदकं मांडत आणि मग हॉलमधल्या मशिनी ती कॉलरवर, खिशांवर, उशांच्या अभ्र्यांवर काढत. कॉम्प्युटर इतका संथ होता की तो चालू करून वहिनी चहा टाकायला जात आणि कप धुऊन परत आल्या तरी त्याची तयारी चाललेलीच असे.

शनिवारी नवा येणार होता.

"जुन्या फायली नव्यात उघडणार नाहीत," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "चित्रं असतील तर ती पडद्यावर खाली ठेवून वरून गिरवता येतात. चित्रं आहेत ना?"

चित्रं कुठली असायला? वहिनी कागदावर काही काढतच नसत. इतक्या वर्षांच्या नक्ष्या त्या डब्यात होत्या आणि डबा भंगारात जाणार होता. तोवर निघतील तेवढ्या त्यांच्या, उरतील त्या गेल्या.

त्यांनी नणंदेला फोन लावला. ती विम्याच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे असे.

"त्यात काय एवढं? पडद्याचा फोटो घे. कीबोर्डच्या वरच्या ओळीत उजवीकडे प्रिंट स्क्रीन लिहिलेलं बटण आहे बघ. ते दाब."

फोटो म्हटल्यावर वहिनींनी आधी ओल्या फडक्याने काच पुसली, मग कोरड्याने. खिडकीचा उजेड पडतो म्हणून पडदा ओढला. वेल उघडली आणि बटण दाबलं. आवाज नाही, उजेड नाही. बटणावर प्रिंट लिहिलंय म्हणून प्रिंटरकडे पाहिलं, तर तोही ढिम्म. आत साठत असेल, असं समजून त्यांनी एकेक नक्षी उघडत, बटण दाबत दुपार घालवली. मग पुन्हा फोन केला.

"दाबलं सगळ्यांना. आता ते फोटो आहेत कुठे?"

"पेंट उघड. कंट्रोल धरून व्ही दाब."

पडद्यावर बदक आलं. शेवटचं, एकटंच.

"बाकीचे?"

"बाकीचे कसे असतील? तिथे एकालाच जागा असते, वहिनी. दुसरा आला की पहिला गेला. एक घ्यायचा, चिकटवायचा, पेन ड्राइव्हवर ठेवायचा, मग पुढचा."

"म्हणजे टीव्हीसमोरची खुर्ची. तुझा दादा उठला की मी, मी उठले की सासूबाई. पण हे आधी का नाही सांगितलंत, वन्सं?" एरवी त्या नणंदेला नावाने हाक मारत, वन्सं फक्त टोमण्यापुरतं.

"मला काय माहीत तू कणीक भिजवल्यासारखं सगळं एकदमच घेशील!"

शुक्रवारी सकाळी वहिनी पुन्हा बसल्या. पहिली वेल पेंटमध्ये आली आणि त्या पुढे वाकून बघत राहिल्या. कोपऱ्यातलं घड्याळ आलं होतं, माउसचा बाण मात्र नव्हता. काचेवर कधीपासून असलेली पिवळी रेघही नव्हती. म्हणजे याने काचेचा फोटो घेतलाच नव्हता. काचेमागे जे चाललं होतं तेवढंच उचललं होतं. मग काच पुसली ती कुणासाठी? त्यांचं त्यांनाच हसू आलं.

आणि एकदम हसू थांबलं. काचेवर त्यांनीच लावलेला चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा होता. सुई कापडावर जिथून सुरुवात करते त्या मध्याची खूण. प्रोग्रामच्या मध्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तो थोडा डावीकडे ओढतो, असं त्यांना पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. तेव्हापासून सगळ्या नक्ष्या त्या तुकड्याभोवती मांडलेल्या. चित्रात तुकडा नाही, म्हणजे मध्य नाही. नव्या कॉम्प्युटरवरून काढलं की बदक खिशाच्या शिवणीवर चढायचं.

त्यांनी बाण तुकड्यावर नेऊन पाहिला. बाण चित्रात येत नाही, हे बटण दाबल्यावर आठवलं. पट्टीवर बोट ठेवून थोडा वेळ बसल्या. बोट तरी कुठे येणार होतं?

"काय गं वहिनी, डोकं दुखतंय?" मशिनवरच्या बाईने दारातून विचारलं.

"नाही. हे आत कसं न्यायचं ते बघतेय."

आत जायचं तर टाक्यालाच जाता येत होतं. वहिनींनी नक्षी पुन्हा उघडली, बरोबर पट्टीखाली लाल दोऱ्याची एक फुली घातली आणि बटण दाबलं. पेंटमध्ये वेल आली आणि वेलीच्या पोटात फुली. मग नक्षी, फुली, बटण, पेंट, पेन ड्राइव्ह, पुन्हा नक्षी. कॉम्प्युटर मध्येच गोठला की त्या हात मांडीवर ठेवून बसत, त्याला बंद करायची काही छाती होत नव्हती. जेवायला उठल्या नाहीत. मालकांनी डोकावून पाहिलं आणि पंखा वाढवून गेले. कारखाना सुटायच्या वेळी शेवटचं बदक ठेवून झालं.

शनिवारी नव्या पडद्यावर त्यांनी वेल खाली ठेवली, फुलीवर सुरुवात धरली आणि वरून गिरवली. मशिनवरच्या बाईने खिसा अडकवला. सुई उतरली. वेल खिशाच्या मधोमध बसली.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "निघालं का सगळं?"

"निघालं. आता एक सांग, तो बाण का येत नाही गं चित्रात?"

"मला काय माहीत?"

"रोज त्याच्यापुढे बसतेस आणि कधी विचारलंही नाहीस?" वहिनी म्हणाल्या आणि खिसा उलटा करून मागचे टाके बघू लागल्या.